पुरिंग दोन दिवस आधी आली

नेमेसियोच्या हातून लॉक पडलं, ते फोन वाजला म्हणून नव्हे. फोन वाजला, त्याने तो खांदा आणि कान यांच्या मध्ये दाबला, "बोल" म्हणाला, तोवर लॉक चिमट्यात घट्ट होतं. पलीकडून पुरिंग म्हणाली, "मी आले. इलोइलोच्या धक्क्यावर उभी आहे." मग पडलं.

पडतानाचा आवाज त्याला नीट ऐकू आला. आधी टिण्, मग खोल कुठेतरी किण्, मग काही नाही.

लॉक म्हणजे तारेची एवढीशी कडी, करंगळीच्या नखाएवढी. पिस्टनमधून आडवी जाणारी पिन बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक बसवायची. बसवताना खाली इंजिनाच्या चेंबरचं तोंड आ वासून उघडं असतं. म्हणून आधी त्या तोंडात फडकं कोंबायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. इलोइलो शहरासमोरच्या गिमारास बेटावर चाळीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करता करता नेमेसियोने तो निदान वीस जणांना शिकवला होता, त्यातल्या दोघांना टपल्या मारून. आज फडकं त्याच्याच खांद्यावर लोंबत होतं, फोनच्या खाली.

"ऐकतोयस ना?" पुरिंग म्हणाली.

"ऐकतोय. पण तू परवा येणार होतीस."

"आता आले ना! परत जाऊ?"

"नको, नको. होडीत बस. मी इकडे होर्दानच्या धक्क्यावर येतो."

फोन ठेवून तो उघड्या इंजिनाकडे बघत राहिला. मग टॉर्च लावून आत डोकावला. क्रँकची गोल पाठ तेलात चमकत होती. लॉक कुठेच दिसत नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी याच निळ्या मोटरसायकलवरून त्याने पुरिंगला धक्क्यावर सोडलं होतं. पुढे टाकीवर पाच वर्षांचा एलमर, मागे पुरिंग, तिच्या मांडीवर उसनी बॅग. हाँगकाँगला एका घरी स्वयंपाकाला चालली होती. दोन वर्षांचा करार होता. दोनाची चार झाली, चाराची आठ, आणि पुढे कोणी विचारायचंच सोडलं. दर दोन वर्षांनी ती पंधरा दिवस यायची, पाहुण्यासारखी. येताना सगळ्यांसाठी काहीबाही आणायची आणि जाताना उशीत तोंड खुपसून रडून जायची. दरम्यान मोटरसायकलचं इंजिन जाम झालं, ती शेडच्या कोपऱ्यात गेली, तिच्यावर पोती पडली. एलमर मोठा झाला, जहाजावर लागला, निघून गेला. आणि आता चार महिन्यांपूर्वी पुरिंग फोनवर म्हणाली होती, "या वेळी कायमची येते."

तेव्हा नेमेसियोने पोती काढली. पिस्टन मिळेना, तो इलोइलोच्या एका जुन्या दुकानदाराकडून मिळवला. तीन महिने रोज थोडं थोडं काम केलं. जिच्यावरून तिला नेऊन सोडलं, तिच्यावरूनच तिला घेऊन यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. ते त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. साठीच्या माणसाने असलं काही बोलून दाखवायचं नसतं.

तो रस्त्यावर आला आणि बोयेटला हाक मारली. बोयेट शेजारचा, तीन चाकांची सवारी गाडी चालवायचा: मोटरसायकल आणि तिला जोडलेला पत्र्याचा डबा. तोंडाने तो गाडीपेक्षा जास्त चालायचा. नेमेसियोला तो मानोंग, म्हणजे दादा, म्हणायचा आणि पुरिंगला मानांग, म्हणजे ताई.

"मानोंग, तोंड असं का? बायको येतेय की सासू?"

"गाडी काढ. धक्क्यावर चल."

"पण मानांग परवा येणार ना? आणि निळी घोडी?"

"घोडीने लॉक गिळलंय."

बोयेटने डोळे विस्फारले. "फडकं नव्हतं लावलं?"

"तू गाडी काढ."

"मला टपली मारली होती मानोंग तुम्ही. याच गोष्टीवरून. एकदा नाही..."

"बोयेट."

"काढतो, काढतो."

होडीतून उतरणाऱ्या माणसांमध्ये पुरिंग त्याला लगेच दिसली. एका हाताने मोठी बॅग ओढत होती. पाठीला मात्र लहान मुलांची एक पिशवी होती, गुलाबी, धुऊन धुऊन फिकट झालेली. तिच्यावरच्या सशाचा एक कान नुसता दोऱ्यांचा उरला होता. ती समोर येऊन थांबली. फोनवर दोघं एकमेकांना 'गा' म्हणत. 'पालांगा' म्हणजे लाडका, लाडकी. त्याचं हे तुटलेलं शेपूट. एकोणीस वर्षांत ते लाखदा म्हणून झालं असेल. पण समोरासमोर ते दोघांच्याही ओठांवर आलं नाही.

"केस पांढरे झाले तुझे," ती म्हणाली.

"व्हिडिओवर दिसत नव्हते?"

"व्हिडिओवर तू टोपी घालायचास."

त्याने बॅग घेतली. डब्यात दोघं खेटून बसले, मध्ये बॅग आडवी. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "एवढे काळे? आज रविवार आहे."

"थोडं काम होतं."

"कसलं थोडं!" पुढून बोयेट ओरडला. "मानांग, निळी घोडी उघडलीय त्यांनी! तुम्हाला तिच्यावरून न्यायचं होतं. तीन महिने माझा गळा धरलाय, कुणाला बोलू नको म्हणून."

"मग अजून धरायला हवा होता," नेमेसियो पुटपुटला.

दोन्ही बाजूंनी आंब्याच्या बागा मागे जात होत्या. मग तिने विचारलं, "ती अजून आहे?"

"आहे. म्हणजे अर्धी आहे."

ती हसली नाही. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, विकलीस."

त्या दुपारी नेमेसियोने सगळं करून पाहिलं. काडीला चुंबक बांधून आत सोडलं, तर ते लॉकला शिवायच्या आधीच क्रँकला जाऊन बसे; आत सगळं पोलादच, चुंबकाला काय, जे जवळ ते आपलं. मग बोयेटला बोलावलं आणि दोघांनी मिळून इंजिन खाली काढलं, उपडं धरलं, नारळातलं पाणी ऐकतात तसं कानाशी हलवलं. आत खुळखुळ झाली. दोघांचे चेहरे उजळले. पुन्हा हलवलं, तर आवाजच बंद. लॉक क्रँकच्या खाली कुठल्यातरी खोबणीत जाऊन बसलं होतं.

"तसंच चालू केलं तर?" बोयेट म्हणाला.

"तर पहिल्याच किकला नव्या पिस्टनचा चुरा. आणि क्रँकचाही."

"मग चेंबर फोडायचं."

"फोडलं की आतलं पॅकिंग जातं. या गाडीचं पॅकिंग आता कुठे मिळतं? पिस्टनला दोन महिने लागले होते."

बोयेट मान हलवत गेला. नेमेसियो ओल्या फडक्याने हात पुसत बसला. स्वयंपाकघराच्या दारात पुरिंग उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मीठ कुठे ठेवतोस?" तिने विचारलं.

तो उठला आणि चुलीमागची बरणी काढून तिच्या हातात दिली. लग्नात तिच्याच आईने दिलेली बरणी होती ती. तिची जागा त्याने कधी बदलली, तेही त्याला आठवेना.

रात्री जेवणानंतर तिने कप धुऊन खिडकीत पालथे घातले. तो ते नेहमी खिळ्यांना टांगायचा. ती झोपायला गेल्यावर त्याने ते गुपचूप खिळ्यांना टांगले. सकाळी पाहिलं, तर कप खिळ्यांनाच होते, पण तिने ते एकदा काढून, पुसून, पुन्हा तिथेच लावलेले दिसत होते. सगळ्यांचे कान एका दिशेला.

न्याहरीला तिने पाव भाजला होता. ताटलीत दोन चौकोन, कडा सुरीने कापून काढलेल्या.

"कडा कुठे गेल्या?" नेमेसियोने सहज विचारलं.

पुरिंगने ताटलीकडे पाहिलं. जणू दुसऱ्याच कोणी त्या कापल्या होत्या. "का-यान कडा खात नाही," ती म्हणाली. मग घाईने, "सवय झालीय हाताला. थांब, दुसरा देते."

"राहू दे. मऊ आहे."

का-यान हे नाव त्याला ठाऊक होतं. हाँगकाँगच्या घरातली मुलगी. पुरिंग गेली त्याच्या पुढच्या वर्षी ती जन्मली. तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. आता अठरा वर्षांची होऊन शिकायला विलायतेला निघाली होती. ती गेली की घरात पुरिंगचं काम संपणार होतं, म्हणून तर ही कायमची आली. एवढं सगळं नेमेसियोला फोनवरून माहीत होतं. पण कडांचं माहीत नव्हतं.

"ती गेली का?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी गेली. तिकीट आधीचं मिळालं." पुरिंग पाव चावत राहिली. "तिचे आईबाप कामावर जातात सकाळी सातला. मग त्या घरात मी एकटी. दोन दिवस होते माझे अजून, पण काय करू तिथे? तिची खोली झाडली. पुन्हा झाडली. मग विमानतळावर जाऊन बसले, म्हटलं, मिळेल त्या विमानाने पाठवा."

ही दोन दिवस आधी का आली, ते त्याला आत्ता कळलं. कालपासून मनातल्या मनात तो, ती आपल्या ओढीने आली, असं समजून बसला होता. तसं वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं. पण घास उगाच कोरडा लागला.

तो शेडमध्ये निघून गेला.

दहाच्या सुमारास मागच्या अंगणातून हाक आली. "अरे, ऐक! लवकर ये!"

तो धावत गेला. पुरिंग जमिनीवर बसली होती. समोर केळीच्या पानावर कच्चा फणस दोन फाका करून पडला होता आणि तिचे दोन्ही हात हवेत होते. सुरी उजव्या तळव्याला चिकटलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि गालावरची केसांची एक बट डाव्या अंगठ्याला.

"कादयोस करणार होते," ती म्हणाली. "तुरीचे दाणे भिजवले, मांस आणलं, फणस काढला..."

"आणि हाताला तेल?"

"विसरले."

नेमेसियो तिच्याकडे बघत राहिला. झाडाखाली वाढलेली बाई! हिच्या आईच्या दारात तीन फणस होते. फणस चिरताना हाताला आणि सुरीला खोबरेल लावायचं, हे या बेटावर पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

"हसू नकोस," ती म्हणाली.

"मी कुठे हसतोय?"

"तुझं पोट हलतंय."

मग दोघंही हसायला लागले. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. तिचं हसणं मात्र मधेच कुठेतरी फिरलं आणि ती रडायला लागली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. नेमेसियोने आपल्या सदऱ्याच्या टोकाने ते पुसले, मग आत जाऊन तेलाची बाटली आणली आणि तिचं एकेक बोट सोडवायला बसला.

"मला इथलं काही येत नाही रे आता," ती म्हणाली. "मीठ कुठे, ते माहीत नाही. फणस चिरता येत नाही."

"मलाही येत नाही. चाळीस वर्षं फडकं लावतोय, आणि काल विसरलो."

"का विसरलास?"

"तुझा फोन आला."

तो तेल चोळत होता. चीक ताणला जायचा, दोऱ्यासारखा लांबायचा, पण तुटायचा नाही. ज्याला लागला त्याला धरून बसायचा, आणि शेजारच्या कशाला नाही. नेमेसियोचा हात थांबला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"चुंबक सगळ्यालाच चिकटतं," तो सावकाश म्हणाला. "चीक फक्त ज्याला टेकवू त्याला."

पुरिंगने तेलकट बोटांकडे पाहिलं, मग शेडकडे. "आपण झाडावरचे किडे धरायचो तसं? काडीच्या टोकाला चीक लावून?"

"तसंच."

"अरे, मी केलंय हे!" ती एकदम ताठ बसली. "का-यानचा पहिला दात पडला ना, तो तिने पियानोवर ठेवला आणि घरंगळून आत पडला. एवढं रडली! तिचे बाबा म्हणाले, नवा दात येईल. पण तिला तोच हवा होता! मग मी च्युइंग गम चघळलं, त्यांच्या जेवायच्या काडीला लावली, तारांच्या मधून खाली सोडली. दीड तास. ती माझ्या पाठीवर आडवी पडून टॉर्च धरून होती, आणि कानात सांगत होती, डावीकडे, डावीकडे... आणि डावीकडे म्हणायची आणि हात दाखवायची उजवीकडे!"

ती हात हलवून हलवून सांगत होती. कालपासून नेमेसियोने तिचा हा चेहरा पाहिला नव्हता. कालपासून कशाला, पंधरा पंधरा दिवसांच्या त्या नऊ भेटींतही पाहिला नव्हता. लग्नाआधी पाहिला होता, जत्रेत, एकदा. तो चेहरा अजून होता तर. नुसता दुसऱ्या घरी राहायला गेला होता.

"मिळाला का दात?" त्याने विचारलं.

"न मिळायला काय! आहे माझ्याकडे. ती म्हणाली, तूच ठेव."

"चल मग," नेमेसियो उठला. "तुझा हात माझ्यापेक्षा बारीक आहे."

त्याने चेंबरमध्ये पेट्रोल ओतून आतलं तेल धुऊन काढलं. तेलाला चीक धरत नाही, हे आत्ताच पाहिलं होतं. मग पंपाने हवा मारून आत कोरडं केलं. क्लचच्या जुन्या केबलची तार काढली, टोकाला बाक दिला. तोवर पुरिंग फणसाच्या देठाचा ताजा चीक करवंटीत घेऊन आली. टोकाला वाटाण्याएवढा गोळा लावला आणि इंजिनासमोर पाट घेऊन बसली. नेमेसियो एका हातात टॉर्च धरून, दुसऱ्या हाताने क्रँक फिरवायला बसला.

"किती फिरवू?"

"थोडं. आणखी थोडं. बस. तुझं डोकं काढ, उजेड अडतोय."

"टॉर्च माझ्याच हातात आहे."

"मग टॉर्च पुढे कर आणि डोकं मागे घे."

तार आत गेली, बाहेर आली. चिकाला काळी घाण लागलेली. पुन्हा नवा चीक. बाहेर बोयेट येऊन उभा राहिला, काही बोलायला तोंड उघडलं आणि चक्क न बोलता उकिडवा बसला. क्रँक एका जागी आल्यावर खाली तिरपी फट दिसायची, आणि तिच्यातून पलीकडे एक पांढरी रेघ, लॉकची. रेघ दिसली की तार पोचायची नाही. तार पोचली की रेघ दिसायची नाही.

"आता मी बघत नाही," पुरिंग म्हणाली आणि तिने डोळे मिटले. "तूच सांग."

"खाली. आणखी खाली. आता डावीकडे."

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"तुझ्या. हळू. टेकली. दाब जरा. मोजत बस पन्नासपर्यंत."

ती ओठ हलवत मोजत राहिली. मग तार सावकाश वर ओढली. रेघ सुटली, उचलली गेली, क्रँकच्या कडेपर्यंत आली आणि तिथे घासून टिण् करून परत खाली गेली. बोयेटने कपाळावर हात मारला. नेमेसियोच्या तोंडून शिवी निघाली.

"चुप," पुरिंग म्हणाली. "आता निदान सैल तरी झालंय. क्रँक आणखी पाव फिरव, वाट रुंद होईल."

तिने डोळे उघडलेही नव्हते. नेमेसियोने निमूट पाव फेरा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदाच शेडमध्ये कोणी त्याला काम सांगत होतं.

दुसऱ्यांदा लॉक वर आलं. तोंडाशी येताच नेमेसियोने चिमट्याने ते धरलं आणि आधी, सगळ्यात आधी, चेंबरच्या तोंडात फडकं कोंबलं.

"आता!" बोयेट म्हणाला. "आता कोंबताय, मानोंग?"

पुरिंगने डोळे उघडले. चिकाने माखलेली ती कडी नेमेसियोच्या तळहातावर होती. "एवढीशी?" ती म्हणाली. "एवढ्याशासाठी?"

ते लॉक त्याने परत लावलं नाही; एकदा ताण बसलेलं लॉक लावायचं नसतं. दुसरं नवं होतं डब्यात. लॉक, ब्लॉक, हेड, प्लग, सगळं चढवून गाडी उभी राहीपर्यंत चार वाजले. कादयोसही तोवर झाला. मीठ जरा जास्त होतं, पण तिघं बोटं चाटत जेवली. तिसऱ्या की चौथ्या किकला निळ्या गाडीने निळा धूर सोडला आणि फटफटायला लागली, तेव्हा बोयेट रस्त्यावर जाऊन येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायला लागला, जणू त्यानेच चालू केली.

"धक्क्यावर जायचं?" नेमेसियोने विचारलं. "तुला तिथून आणायचं होतं."

पुरिंगने नाही म्हणून मान हलवली. "धक्का नको. मला आता कुठला धक्का बघायचा नाही. दुसरीकडे कुठेही ने."

मग त्याने गाडी पश्चिमेच्या टेकाडाकडे घातली. सुरुवातीला तिने मागचा दांडा धरला होता. एका खड्ड्यात गाडी उसळली तेव्हा त्याचा सदरा धरला, आणि मग खड्डे संपले तरी सोडला नाही. नेमेसियो हळू चालवत होता. नवा पिस्टन आहे, पळवायचा नसतो, असं तो स्वतःला सांगत होता.

टेकाडाखालच्या वळणावर तिच्या पिशवीतला फोन वाजायला लागला. "थांबव, थांबव," ती म्हणाली, आणि गाडी नीट थांबायच्या आत उतरली.

नेमेसियोने इंजिन बंद केलं. ती रस्त्याच्या कडेला दगडी कठड्याशी जाऊन चिनी भाषेत बोलत होती. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. पण आवाज कळत होता. तो आवाज खालून वर जायचा, लटका रागवायचा, समजूत घालायचा, मधेच खुदकन हसायचा. फोनवर त्याच्याशी बोलताना पुरिंग नेहमी दमलेली असायची. दिवस संपल्यावर, दिवा मालवून, कुजबुजत. हा तिचा दिवसाचा आवाज होता. एकोणीस वर्षं या आवाजात कोणीतरी सकाळी उठत होतं. त्याला त्या पोरीचा हेवा वाटला. मग ती विलायतेत एकटी कुठल्यातरी खोलीत उभी असेल, हे मनात आलं, आणि हेवा धड करताही येईना.

पुरिंग परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "हातमोजे सापडत नव्हते तिला. मी बाजूच्या कप्प्यात ठेवले होते. थंडी आहे म्हणे फार."

"सापडले?"

"सापडले."

दोघं कठड्यावर बसले. समोर सामुद्रधुनी होती, पलीकडे इलोइलो. होड्या परतत होत्या.

"परत जावंसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"कुठे जाऊ? ती तिथे नाहीच ना आता." जरा थांबून ती म्हणाली, "गेले तेव्हा पहिलं वर्ष एलमरच्या वयाचं पोर समोरून आलं की मी रस्ता बदलायची. मग त्यांनी ते बाळ माझ्या हातात दिलं. नऊ दिवसांचं. मी नाही म्हटलं होतं. म्हटलं, मी स्वयंपाकाची आहे. मग वाटलं, हिला धरलं, तर तो मनातून जरा सुटेल."

"सुटला?"

"नाही. दोघांनाही धरून बसले. आता दोघंही गेले."

नेमेसियोने गाडीकडे पाहिलं. इंजिन थंड होताना टक टक वाजत होतं. "एलमर जहाजावर गेला," तो म्हणाला, "त्यानंतर तीन महिने मी दोन ताटं वाढत होतो. रोज एक परत पातेल्यात ओतायचो."

"मला सांगितलं नाहीस."

"फोनवर ताट काय सांगायचं?"

"मग काय सांगायचास रोज? पाऊस झाला, कोंबडी मेली, बोयेटने गाडी ठोकली." ती त्याच्याकडे वळली. "आणखी काय काय नाही सांगितलंस?"

"खूप आहे."

"मग सांग."

"कुठून?"

"मी होडीत बसले तिथून."

पाण्यावरचा उजेड हळूहळू उतरत होता. "त्या संध्याकाळी," तो म्हणाला, "जेवताना त्याने विचारलं, आई किती वाजता येते?"

"तू काय सांगितलंस?"

"मला काही सुचलं नाही. म्हटलं, शेवटच्या होडीने."

"मग?"

"मग काय. शेवटची होडी येईपर्यंत दोघं धक्क्यावर बसलो. ती आली, माणसं उतरली, आणि तो म्हणाला, उद्या लवकर येऊ या. म्हणजे पुढे बसायला मिळेल."

"दुसऱ्या दिवशी गेलात?"

"आठवडाभर गेलो."

तिने त्याचा काळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या बोटांना अजून कुठे कुठे चीक होता. खाली एक होडी किनाऱ्याला लागली, माणसं उतरली, पांगली.

"पुढे सांग," ती म्हणाली.